आबांच्या शिट्टीचं कार्ड

खानदेशातला पहिला सुट्या कार्डांचा वायरलेस सेट मी बनवला. म्हणजे त्याचा डबा मी बनवला. आत काय चालायचं ते तेव्हा मला कळत नव्हतं, आणि आता कळतं म्हणालो तर चौधरी सर अजूनही हसतील.

मी जळगावात पत्र्याच्या पेट्या बनवायचो. पत्रा कापला की बाकाखाली कातरण साठतं. आज झाडू, उद्या झाडू म्हणता म्हणता ढीग होतो. आमच्या मंडळीचे किस्से तसेच साठलेत. हात जपून घाला, बोट कापतं.

मंडळी चौघांची. हौशी रेडिओवाले, म्हणजे सरकारचं लायसन काढून घरच्या सेटवरून गावोगावच्या लोकांशी गप्पा मारणारे. पिंप्राळ्याचे चौधरी सर पॉलिटेक्निकात शिकवायचे, सेटमागची सगळी अक्कल त्यांची. सुगनशेठ कापडाचे व्यापारी. धुळ्याचे आबा तारखात्यात जन्मभर टकटक करून रिटायर झालेले. आणि चौथा मी, सातवी पास, लायसनच्या परीक्षेत दोनदा आपटलेला. म्हणून मी फक्त ऐकायचं आणि डबे करायचे.

* * *

सरांचं तत्त्व एकच : एक काम, एक कार्ड. कार्ड म्हणजे सेटचे भाग जोडलेली पातळ पाटी. ऐकण्याचं वेगळं, बोलण्याचं वेगळं. बिघडलं ते उपसायचं, नवं सुचलं ते खोचायचं. "दगडूभाऊ, कार्डांना खाचा करा," म्हणाले.

मी केल्या. सुंदर केल्या, सगळ्या एका मापाच्या. सुगनशेठनी बोलण्याचं कार्ड ऐकण्याच्या खाचेत खोचलं आणि सेटमधून धूर निघाला.

सरांनी हातानं धूर बाजूला केला. मग म्हणाले, "डबा उत्तम झालाय. यात मसाले ठेवा."

पुढच्या डब्यात प्रत्येक खाचेला मी वेगळ्या जागी पत्र्याची जीभ काढली आणि तिच्या कार्डाला त्याच जागी चीर पाडली. चुकीचं कार्ड शिरेचना. ही युक्ती माझी. सर म्हणतात त्यांची. त्यांच्याकडे डिग्री आहे, माझ्याकडे कात्री.

* * *

बिघडलेलं कार्ड आम्ही एसटीनं पाठवायचो. आबांचं बोलण्याचं कार्ड असंच दुरुस्त होऊन धुळ्याला परत निघालं होतं. मी डबी कंडक्टरच्या हातात दिली.

"भाऊ, यामा काय ठेयेल शे?"

"धुळ्याच्या आबांचा आवाज."

त्यानं डबी कानाला लावून हलवली. "मंग त्यानं अर्धं तिकीट लागी."

* * *

सुगनशेठना प्रत्येक जादा सोय हवी. खरखर कमी करायचं कार्ड, आपोआप माइक चालू होणारं कार्ड, सुयांची मीटरं, दिवे. रेडिओवर यायचे ते नवीन काय बसवलं एवढं सांगायला.

एकदा मी त्यांच्या पॅनेलला एक भोक पाडून नुसतं बटण बसवलं. मागं वायरच नाही. "शेठ, हे हळूहळू फिरवायचं. बारीक काम आहे."

तीन महिने फिरवलं. सगळ्यांना सांगितलं की मद्रासची स्टेशनं स्वच्छ येतात. सरांनी डबा उघडला तेव्हा मी दोन दिवस दुकानाबाहेर पडलो नाही.

आबांचा मात्र निरोप आला : "दगडू, तसलं एक बटण माझ्याही सेटला बसव. शेठ आले की त्यांच्या हाताला काम होईल."

* * *

मग आबांची नजर गेली. काचबिंदू. आम्ही तिघं भेटायला गेलो तर सेटवर टॉवेल टाकलेला.

हौशी लोकांना सरकारनं ठरावीक पट्टा नेमून दिलेला असतो. त्याबाहेर बोलायचं नाही, तिथं दुसऱ्यांची महत्त्वाची बोलणी चालतात. डायल दिसली नाही तर हद्द ओलांडलेली कळणार कशी?

आबा म्हणाले, "चाळीस वर्षं कुणाच्या तारेतला एक ठिपका इकडचा तिकडं केला नाही. आता आंधळेपणानं लोकांच्या बोलण्यात पाय घालू? लायसन परत करतो. दगडू, दिल्लीला पत्र लिही."

दोन शिकलेली माणसं समोर असताना मला सांगितलं. माझी छाती फुगली. आबा सांगत गेले आणि मी कागदावर पेट्यांची मापं लिहीत गेलो : दोन फूट बाय सव्वा, कडी पितळी. मग आबांनी सांगितलेलं तोंडपाठ वाचून दाखवलं. त्यांनी चाचपून सही केली. पाकीट मी टाकतो म्हणून खिशात घातलं. सरांना नाही बोललो, शेठना तर नाहीच.

परतीची बस पारोळ्याला आली. सर एकदम म्हणाले, "शिट्टी." डायल फिरवत गेलं की ठरावीक अंतरावर एकेक शिट्टी ऐकू येईल असं कार्ड. पहिली शिट्टी म्हणजे हद्द सुरू, पाचवी म्हणजे हद्द संपली. "दिल्लीचं उत्तर यायच्या आत झालं पाहिजे," म्हणाले. दिल्लीचं उत्तर माझ्या खिशात होतं. पण घाईनं काम होत असेल तर होऊ द्यावं.

पहिलं कार्ड लावलं तर डायलवर जाल तिथं शिट्टी. मी म्हणालो, "सर, हे भुसावळ जंक्शनचं झालं."

दुसऱ्याला एकही शिट्टी नाही. सर म्हणाले, "निम्मं जमलं. बंद कशी करायची ते कळलं."

तिसरं जमल्यासारखं वाटलं, तर सरांनी सुगनशेठच्या दुकानातलं काळं कापड डोळ्यांना बांधलं आणि अख्खा रविवार तसेच सेटपुढं बसले. मी हळूच त्यांचा चहा डावीकडून उजवीकडं ठेवला. त्यांनी कप शोधला, घोट घेतला आणि म्हणाले, "चहा सरकला. शिट्टी नाही सरकली."

* * *

कार्ड घेऊन मी एकटा धुळ्याला गेलो. सर जळगावला सेटवर बसले होते. आबांनी टॉवेल स्वतः काढला. कार्ड माझ्या हातून घेतलं, खाचेतली जीभ चाचपली आणि एका झटक्यात बसवलं. हेडफोन चढवला. डायल तळाला नेली, मग वर आणत बोटांवर मोजू लागले. एक. दोन. तिसऱ्यावर थांबले; सरांशी भेटायची जागा तीच ठरली होती.

मी डायल मुद्दाम पुढं ढकलली. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली आणि पुन्हा तळापासून मोजत तिसऱ्यावर आले. सरांना हाक दिली. सर तिथंच होते. मग अर्धा तास दोघं हवामानाबद्दल बोलले. एवढा खटाटोप केलेली माणसं हवामानाबद्दल बोलली.

माइक खाली ठेवून आबा हळूच म्हणाले, "दगडू, उत्तर कसं आलं नाही रे दिल्लीचं?"

आता माझ्या पोटात मावेना. "आबा, मी पत्र टाकलंच नाही. लिहिलंच नव्हतं. तुम्ही पेट्यांच्या मापांवर सही केलीत."

आबा हेडफोनची वायर गुंडाळत होते. म्हणाले, "पाठवायचंच असतं तर पत्र लिहायला मी सरांना नसतं सांगितलं?"