डिझेलच्या टाकीतलं औषध

फॅक्टरीच्या भरतीचा अर्ज मी फाडला आणि जुनी डिझेल जीप घेतली, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. पोरगाही तिथेच चिकटावा, एवढंच त्यांचं म्हणणं. माझं डोकं मात्र हिंजवडीकडे. तिथल्या आयटीवाल्यांची ने-आण करायला तेव्हा गाड्या पुरत नव्हत्या. दीड वर्ष आमचं बोलणं आईमार्फत चाललं. "त्याला सांग, पंखा बंद कर." आणि मी पंख्याखालीच बसलेला.

जीप आधीच्या मालकाने पार पिदडलेली. डिझेलमध्ये रॉकेल मिसळून चालवली असणार, असं गॅरेजचे मिस्त्री म्हणाले. रॉकेलने पंप कोरडा पडतो, झिजतो आणि पंप गेला की इंजिनाचं काही खरं नाही. त्यांनी मला एक बाटली दिली, डिझेलमध्ये घालायचं औषध. त्यानं पंपाला वंगण मिळतं, टाकीतला मळ सुटतो. टाकी भरली की एक झाकण, जास्त नाही. मी नेमानं घालायचो. बाटली मात्र लवकर संपायची. मिस्त्री अर्धवट भरलेली खपवतात म्हणून मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचो.

एका सकाळी वाकडच्या पुढे गाडीनं आचके दिले आणि बंद पडली. आत सहा इंजिनियर, सगळे घड्याळाकडे बघतायत. त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, उद्या गाडी आली नाही तर परवापासून येऊ नका. पंप गेला असला तर दुसरा बसवायची ऐपत नव्हती. धंदा गेला, आता गुपचूप फॅक्टरीच्या रांगेत, हेच डोक्यात.

जीप ओढत खडकीला मिस्त्रींच्या गॅरेजात आणली. मिस्त्री फिल्टर उघडत होते, तेवढ्यात बाबा ड्यूटीवरून थेट तिथे आले, आईने कळवलं असणार. सायकल भिंतीला लावली आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. फिल्टरमध्ये काळा चिखल नुसता ठासून भरला होता. मिस्त्रींनी पुढची नळी सोडून बघितली, पंप हाताने फिरवून बघितला.

"पंप ठणठणीत आहे," ते म्हणाले. "टाकीतला सगळा मळ एकदम सुटला आणि फिल्टर तुंबला. हे औषध पाजतं कोण एवढं? बाटलीवर लिहिलंय ते वाचायला वेगळा माणूस ठेवलाय का?"

हुश्श झालं. मी तिथेच टायरवर बसलो. म्हटलं, "अहो, मी एकच झाकण घालतो."

"मीपण एकच घालतो," मागून बाबा म्हणाले. "दर सोमवारी, ड्यूटीला निघायच्या आधी."

मिस्त्रींनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि नवा फिल्टर बसवायला घेतला. दीड वर्ष मला वाटायचं, या माणसाला ही जीप डोळ्यांसमोर नकोय. आणि हा माणूस पहाटे उठून तिला औषध पाजत होता. मला रडूच आलं, लाज वाटली नाही.

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. मी बाबांना म्हटलं, "तुमच्या फॅक्टरीत एकाने काही घातलं की दुसऱ्याला सांगायचं असतं ना?"

"असतं," ते म्हणाले. "घरी बोलत होतं कोण?"

हे ते थेट मला म्हणाले.