डोकं माझं, दुखवटा आईचा

माझं डोकं दुखलं म्हणून आमची आई वारली. म्हणजे सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीपुरती वारली. प्रत्यक्षात ती दापोऱ्याला, धाकट्या भावाकडे ठणठणीत होती.

झालं असं, की मला व्हायरल झालं. ताप आला नि गेला, सर्दी-खोकला गेला, पण डोकेदुखी मुक्कामालाच राहिली! डॉक्टर म्हणाले, "काहींचं दुखतं व्हायरलनंतरही. पाणी प्या, आराम करा, उतरेल." उतरेल कसली! घसा असा बसला, की बोलायला जावं तर नुसती हवा. उजेड नको, आवाज नको, आणि फोडणीचा वास आला की मोहरी थेट माझ्या कवटीत तडतडायची.

शेवटी बायकोनं टीव्ही बंद केला, गॅस बंद केला, माझ्या कपाळावर सुंठेचा लेप थापला, त्यावर पांढरं उपरणं करकचून बांधलं आणि मला बाहेर ओट्यावर सावलीत बसवलं. "संध्याकाळी चांदनी गावचे पाहुणे येताहेत. तोवर बरे व्हा!" (जणू मी हौसेनं आजारी होतो!) आमच्या पूजाला बघायला येणार होते ते. मुलगा तिच्या मनात भरलेला. नुसती त्याच्या वडिलांची पसंती बाकी. नजर लागू नये म्हणून गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. "पप्पा, प्लीज, आज कुछ गडबड नको हं!" असं बजावून पूजा तिच्या आईबरोबर पेढे आणायला गेली.

इतक्यात समोरच्या कोकिळामावशी पिठलं-भाकरीचं ताट घेऊन आल्या. माझे लाल डोळे बघून म्हणाल्या, "काही बोलू नका, भाऊ. मले समजलं सगळं."

डोकेदुखी समजणारं माणूस अखेर भेटलं! माझे डोळे भरून आले. (लेप डोळ्यांत उतरत होता, हेही खरं.)

आता आमच्याकडे पिठलं-भाकरी शेजारून कधी येते? घरात कुणी गेलं की! त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. मावशींनी सकाळपासून आमच्या घरचा फोडणीचा वास घेतला नव्हता, टीव्ही ऐकला नव्हता, आणि दापोऱ्याला गेलेली आईही परतलेली दिसली नव्हती. झालं! एकेक करत अख्खी गल्ली ओट्यावर येऊन बसली. कुणी काही बोलेना. खरं सांगतो, त्या शांततेनं माझं डोकं जरा हलकंसुद्धा झालं!

मग एकानं पाठीवर हात ठेवला. "रडून घे, भाऊ. मायसारखं कोनी नाही रे. बॉडी कधी आणताय दापोऱ्याहून?"

मी ताडकन उठलो, जोरात मान हलवली, त्यासरशी डोक्यात असा घण बसला की दोन्ही हातांनी डोकं धरून खालीच बसलो आणि ढसाढसा रडलो.

"त्याले भरोसाच होत नाहीये," मावशी म्हणाल्या.

नेमके तेव्हाच चांदनीचे पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून चपला काढल्या, हात जोडले. "आता सुतकात कसली बोलणी? वर्षभर तरी राहू द्या." मागून पूजा आणि बायको पेढ्यांचा खोका घेऊन! गल्ली पेढ्यांकडे बघतेय, पूजा गल्लीकडे, आणि मी 'नाही, नाही' म्हणून नुसती हवा सोडतोय!

तेवढ्यात रिक्षा थांबली. नातीला बघायला पाहुणे येणार म्हणून आमची आई केळीचा घड घेऊन उतरली. ओट्यावरची गर्दी बघताच तिनं घड टाकला आणि छाती पिटली. "कोन गेलं रे माह्या घरातलं?"

सगळ्यांनी मावशींकडे बघितलं. मावशीच हळूच म्हणाल्या, "तुम्हीच ना!"

"मी? मी तं रिक्षातून आली!"

पहिल्यांदा पूजाला हसू फुटलं, मग गल्लीला. मुलाचे वडील मात्र उपरण्यानं डोळे पुसत होते. "खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, आई. पण आईसाठी एवढा रडणारा मुलगा मी आजवर पाहिला नाही! या घरची मुलगी आमच्या म्हाताऱ्या माणसांना जपेल. आपल्याला पसंत आहे!"

लग्न ठरलं. ते अश्रू मायेचे नव्हते, डोकेदुखीचे होते, हे मी व्याह्यांना अक्षता पडेपर्यंत सांगणार नाही. आईला तर त्यानंतरही नाही. तिच्या हातून फुटलेलं डोकं कुठल्याच डॉक्टरला आवरायचं नाही!