राखेनं घासलेलं इटलीचं दार

चहा आधी घ्या, मग ऐका. ऐकता ऐकता हसू आलं की चहा सांडतो, आन माझ्या फजितीपायी सतरंजी कशाला खराब करायची?

तर सोजर. माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. बाई वाईट न्हाय, पण नशीब असं की वाटंवरचा खडा उचलला तर तिचा देव निघावा आन माझा खडाच राहावा!

त्या दिवशी तिच्या दारात पुण्याची गाडी थांबली. चार माणसं उतरली. हातात वह्या, गळ्यात कॅमेरे. म्हटलं, सोजरच्या नातीला बघाया आले असतील. कशाचं काय! ती माणसं तिचं कोंबड्यांचं खुराडं बघाया आली होती.

हसू नका. खरं सांगते.

लई वर्सांमागं परंड्याच्या एका बड्या बागायतदारानं इटलीची गाडी आणली होती. लालभडक आन बसकी. इतकी बसकी की आमचं शेरडू शेजारी उभं राहिलं तर तेच मोठं दिसावं. सोनारीच्या काळभैरवाच्या जत्रेला निघाली आन आमच्या शिवारात, बैलगाडीच्या चाकोरीत पोटावर बसली. आमच्या बैलांनी ओढून काढली. आन तिला ओवाळलं कुणी? म्या! हळदीकुंकू लावलं, चाकावर तांब्याभर पाणी घातलं. सोजर तेव्हा लगीन होऊन आलीबी नव्हती!

पुढं ती गाडी बंद पडली, बागायतदाराच्या चिंचेखाली कुजली, भंगारवाल्यानं तोडली. आमच्या मालकांनी तिचं एक दार आणून शेरडांच्या गोठ्याला बसवलं. दिरानं इंजनावरचं पुढचं टोपण आणून खुराड्यावर झाकलं. तेव्हाबी मोठा तुकडा सोजरच्याच वाट्याला! तवापासून सलतंय मला ते.

आन ही पुण्याची माणसं कोण? आपल्याकडं हेळवी येतो ना, कुळाची वंशावळ सांगत? हे गाडीचे हेळवी. तसल्या गाड्या जगात मोजक्याच घडल्या म्हणं. कुठली कुणाकडं गेली, कुठली जळाली, कुठली उरली, सगळं यांच्या वहीत.

भिंतीवरनं डोकं काढून बघते तर काय, दाढीवाला म्होरक्या खुराड्यापुढं गुडघ्यावर! घाणीनं लडबडलेल्या टोपणाला असा हात लावतोय, जशी काय काळभैरवाची पायरी. "अप्रतिम! अप्रतिम!" आन सोजर पदर सावरून फोटोला उभी. काखेत कोंबडी!

"अक्का, या की!" मला बघून वरडली. "पुस्तकात फोटो येणार म्हणत्यात माझा!"

"येऊ दे की. कोंबडीचाबी येऊ दे."

मग म्याच मोठ्यानं सांगितलं, "ओ दाढीवाले दादा, तिच्याकडं टोपण हाय तर माझ्याकडं दार हाय! अख्खं!"

"खरंच, आजी?" त्याचे डोळे हे एवढे झाले. "उद्या सकाळी नक्की येतो."

त्यानं टोपण उलटं केलं आन आत काहीतरी दाखवाया लागला. मला बघायचं होतं हो! पण सोजरनं चहा आणला. साखर माझ्याकडनं वाटीनं नेलेली, आन कौतुक तिच्या चहाचं! माझं डोकं फिरलं. फणफणत खाली उतरले.

तिथंच घात झाला.

घरात येऊन इचार केला, इतक्या घाणीला अप्रतिम म्हणतो, तर स्वच्छ दाराला काय म्हणंल? लोटांगणच घालंल!

सून म्हणाली, "आत्या, हाय तसंच असू द्या. जुनी वस्तू जुनीच बघत्यात."

"गप गं. पाव्हणं येणार आन मळकं दार दाखवू? मग माझ्यात आन सोजरमधी फरक काय?"

दार काढलं. चुलीतली राख, विटकरीचा चुरा, नारळाचा काथ्या घेऊन बसले. जर्मलचा, म्हंजे अ‍ॅल्युमिनचा पत्रा तो, पातेल्यावाणी घासला. लाल रंगाचे पोपडे होते, ते काढले. आतल्या अंगाला कुणीतरी खडूनं रेघोट्या मारलेल्या, त्या जाता जाईनात. असंल पोरासोरांचा खेळ! गोडेतेलाचा बोळा फिरवला, गेल्या. खांदे भरून आले, पण दारात माझं तोंड दिसाया लागलं. वर कुंकवाची पाच बोटं उठवली.

सकाळी पाव्हणं आलं. मागनं सोजर, बोलावलं नसताना. म्या दारावरची चादर वढली.

सगळ्यांचे डोळे दाराला चिकटले. म्हटलं, दिपले!

दाढीवाला खाली बसला. आतली बाजू हातानं चाचपली. "आजी, इथं काही लिहिलेलं होतं का?"

"होतं की! लई चिवट. गोडेतेल लावलं तवा गेलं."

त्यानं डोळेच मिटले. मग हळू आवाजात सांगितलं. तिथला कारागीर गाडी घडवताना एकेका तुकड्याच्या आत आपल्या हातानं मेणखडूनं आकडा लिहायचा. त्या आकड्यावरनंच कळतं, तुकडा कुठल्या गाडीचा. सोजरच्या टोपणाखाली तो सापडला. कोंबड्यांच्या घाणीखाली झाकून राहिलेला, जसाच्या तसा!

"काल मला दाखवला की त्यांनी," सोजर म्हणाली. "तुम्हीच भिंतीवरनं उतरलात, अक्का."

"आकडा कसा होता, आठवतंय का आजी?"

मला इचारतोय! गाडी आली त्या दिवशी कुणाच्या अंगावर कुठलं लुगडं होतं, कुठला बैल बिथरला, सगळं आठवतंय मला. पण शाळेची पायरी न्हाय चढले, बाबा. आकडा आन रेघोटी मला सारखीच.

"मग हे दार त्याच गाडीचं, असं लिहिता येणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगता ते 'ऐकीव' म्हणून लिहितो."

ऐकीव! गाडीला ओवाळलेली म्या ऐकीव, आन तेव्हा गावातबी नसलेली सोजर पक्की!

ऊन, पाऊस, शेरडांच्या धडका, भंगारवाल्याचा घण, सगळ्यातनं ते दार वाचलं होतं. माझ्या पाहुणचारातनं न्हाय वाचलं.

जाताना सोजर वळली. "अक्का, राख उरली असंल तर द्या की. आज कळशी घेऊन फोटो काढायचाय."

दिली. काय करता?

परवाच्या बाजारातनं म्या सहा कोंबड्या आणल्या. दार आडवं टाकलंय, त्याच्यावरच बसवते त्यांना. घाण झकास धरलीय. आता आकडा लिहाया इटलीचा कारागीर तेवढा यायचा राहिलाय!