कोवळी ज्वारी आणि माझी गाय

घरी मी ही गोष्ट सांगतो तेव्हा त्यातली गाय दर खेपेला थोडी मोठी होते. खरं तर ती लहानखुरी होती, एक शिंग मोडलेली. लढाईचे दिवस होते. नेवाशाकडच्या एका खेड्यात मी नवा मास्तर. शाळा सुटली की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसे. म्हणून घोडेगावच्या बाजारातून गाय आणली. दुधासाठी, असं घरी पत्रातून कळवलं. आणली होती बोलायला.

तिकडे ज्वारीच्या कडेनं गुरं नेताना तोंडाला मुसकं बांधायची रीत. मला तो निव्वळ कंजूषपणा वाटे. त्या साली पेरणीनंतर पावसानं दडी मारली होती आणि गुडघ्याएवढी ज्वारी माना टाकून उभी होती. एका संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्याच्या बांधावर मी मोठ्या उदार मनानं गायीचं मुसकं काढलं. चार ताटांनी म्हाताऱ्याचं काय जातंय! वर तिला हिरव्या चाऱ्याचं महत्त्वही समजावून सांगितलं, अगदी तिसरीच्या वर्गाला सांगावं तसं.

दहा-पंधरा घास झाले असतील. ती धापा टाकू लागली, तोंडाला फेस आला आणि बांधावरच कोसळली. मी नुसता "ऊठ, ऊठ" म्हणत राहिलो. मदतीला हाक मारायची तर नाव घेऊन बोलवावं असं गावात माझं कोणी नव्हतं. मग नुसताच ओरडलो.

म्हातारा खोपीतून धावत आला. एका नजरेत समजला. गूळ पाण्यात कालवून बांबूच्या नळीनं तिच्या घशात ओतू लागला. मी शिव्यांची वाट बघत होतो. तो शांतपणे सांगत होता,

"गुर्जी, कोवळी जवारी इखारी असती. तिला काय पाय हायेत पळायला? कुनी खाऊ न्हाई म्हून इख धरती. पान्यावाचून खुरटली की लईच. कनीस धरलं की मग निवती."

मी त्या ताटांकडे बघितलं. इतके दिवस मी त्यांना बिचारी म्हणत होतो.

दिवस बुडता बुडता गाय उभी राहिली, लटपटत. म्हाताऱ्यानं दावं हातात घेतलं.

"हिला आमच्या दावनीला ऱ्हाऊ द्या, गुर्जी. तुमच्याकडं जगायची न्हाई. दूध धाडीत जाईन."

मला म्हणायचं होतं, दूध नको बाबा, मीच रोज येऊन बसत जाईन. तोंडातून निघालं, "आपला आभारी आहे."

तो मान हलवून गायीला घेऊन गेला.