ज्याची शिफ्ट, त्याचं कोपर

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात मी सतरा वर्षं ऑपरेटर आहे. एवढ्या वर्षांत एकच विद्या पक्की शिकलो, साहेबाला 'नाही' म्हणायचं नाही. आमच्याकडचा एक शिफ्ट इनचार्ज रंगाच्या टाकीचं तापमान हळूहळू चढवायला लावतो. दुसरा म्हणतो, "जल्दी चढाओ, टाइम किसके पास है." दोघेही आपापल्या शिफ्टला शहाणे. मग आम्ही काय करतो? ज्याची शिफ्ट, त्याची पद्धत. तुम्ही दोघं एकदा बसून काय ते ठरवा, असं म्हणायची हिंमत आजवर कोणी केलेली नाही. मीही नाही. हीच विद्या मी माझ्या लेकीला दिली आणि ती तिला भोवली.

लेक तेव्हा आठवीत होती. सालवडच्या आमच्या खोलीपासून शाळा चालत दहा मिनिटांवर. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात ती पिचर होती, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारी. सॉफ्टबॉलमध्ये हात पूर्ण गोल फिरवून बॉल कमरेजवळून, खालून सोडतात. खेळाच्या सरांनी तिला पाचवीपासून शिकवलं होतं, शाळा सुटल्यावर, घरी जायचं सोडून. बॉल सुटला की कोपर वर आलं पाहिजे, थेट नाकासमोर, असं त्यांचं म्हणणं. ती तसंच टाकायची आणि छान टाकायची.

मग कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं की पालघरला एक ताई रविवारी मुलींना शिकवतात, स्वतः मोठ्या स्पर्धा खेळलेल्या आहेत. माझा हावरटपणा जागा झाला. सरांना न विचारता मी लेकीला मोटारसायकलवर बसवून पालघरला नेलं. ताईंनी तिचे चार-पाच बॉल पाहिले आणि म्हणाल्या, "कोपर वर ओढू नकोस. हात कमरेला घासून जाऊ दे आणि सैल सोड. नाहीतर खांदा दुखेल."

परत येताना लेकीने मागून विचारलं, "पप्पा, सर बोलतात कोपर वर. ताई बोलतात वर नको. मी कुणाचं ऐकू?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं, की उद्या सरांशी बोलतो, दोघांचं बोलणं करून देतो. पण कुठल्या तोंडाने सांगणार, की तुमच्या पाठीमागे मुलीला दुसरीकडे नेतोय?

"सरांसमोर सरांचं, ताईंसमोर ताईंचं," मी म्हणालो. "आमी कंपनीत तेच करतो. आणि कुणाला काय सांगत बसू नको."

"जमेल असं?"

"जमवायचं."

तिने जमवलं. सोमवार ते शनिवार कोपर वर, रविवारी कोपर खाली. दोन महिने हे चाललं. खांदा दुखायला लागला तेव्हा मी मलम चोळलं आणि सवय होईल म्हणालो. मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

जिल्ह्याच्या संघाची निवड पालघरच्या मैदानावर होती. तिला त्या संघात जायचंच होतं, महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. सर शाळेच्या मुलींना घेऊन आले होते. ताई फक्त रविवारी शिकवतात, त्या इथे कशाला येतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पाहतो तर ताई निवड करणाऱ्यांच्या खुर्च्यांमध्ये बसलेल्या.

लेक बॉल घेऊन उभी राहिली. तिने आधी सरांकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग माझ्याकडे. ती काय विचारते आहे हे मला लगेच कळलं. आज दोघांची शिफ्ट एकदमच लागली होती. मी पाण्याची बाटली उघडली आणि तहान नसताना पाणी प्यायलो.

पहिला बॉल तिने कोपर वर घेऊन टाकला. ताईंच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या बॉलला तिने हात सैल सोडायला घेतला आणि मध्येच वर ओढला. बॉल जमिनीत गेला. तिसरा बॅटरमागे बॉल झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून गेला. चार बॉल असे वाया गेले की बॅटर न खेळताच पहिल्या बेसवर जाते. तीन मुली तशा गेल्या, मग लेकीला बदललं. ती खांदा धरून बाहेर आली.

सर माझ्याकडे आले. रागात नव्हते, काळजीत होते. "हिचा हात बदललाय. दुसरं कोणी शिकवतंय का?"

"नाही सर," मी म्हणालो. "मोबाईलवर काहीबाही बघत असते. आमचं कुठे ऐकते."

ती माझ्या मागेच उभी होती. बोलताना मला ते माहीत होतं, हेच सगळ्यात वाईट.

सरांनी तिला विचारलं, "खरं का?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो सर. मोबाईलवर बघितलं."

सर तिला बोलले. फार नाही, पण सगळ्या मुलींसमोर. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. संघात तिचं नाव आलं नाही.

परतीच्या वाटेवर उमरोळी मागे पडल्यावर ती म्हणाली, "पप्पा, सरांना मी तुमी बोलला तेच बोलली. ताईंनी विचारलं तर काय बोलायचं, ते पण सांगून ठेवा."

तिच्या आवाजात राग नव्हता. शिफ्ट बदलताना आम्ही एकमेकांना विचारून घेतो, तसं ती विचारत होती.

सोमवारी मी सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, आधी बोलला असतात तर मीच त्यांना फोन केला असता. मी शिकवतो ती जुनी पद्धत आहे. त्यांचं बरोबर असेल." त्यांनी माझ्याकडून नंबर घेऊन माझ्यासमोर ताईंना फोन लावला. दहा मिनिटांत ठरलं, कोपर खाली, आणि खांदा बरा होईपर्यंत बॉल बंद. मग त्यांनी लेकीला बोलावलं आणि त्याच मुलींसमोर सांगितलं, की त्या दिवशी मी तुला उगाच बोललो, माझी चूक झाली. चूक त्यांची नव्हती. ज्याची होती तो शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

आता तिचा हात सुटलाय, बॉल पूर्वीपेक्षा जोरात जातो. घरी आली की मी विचारतो, "खांदा दुखतो का गं?" उत्तर देण्याआधी ती माझा चेहरा बघते.