बॅज लावलेले काका

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळाला हाउझी खेळवायची तर राज्याचं लायसन्स लागतं. ते गेलं, तर मराठी शाळेच्या हॉलचं भाडं कुठून भरायचं? ही धास्ती एकट्या हाउझीवाल्या काकांनी घेतली आहे. आकडे पुकारायला छातीवर बॅज लावला, की ते कुणाचे कुणी नसतात.

गेल्या दिवाळीत फुल हाउस लागलं ते नेमकं काकूंना. हॉलभर ओरडा झाला, "सेटिंग! सेटिंग!"

काका पांढरे पडले. "मॅडम, आयडी दाखवा."

"अहो, तुमच्याच खिशात आहे! मी पर्स कुठे आणलीय?"

काकांनी बॅज काढला, खिशातून काकूंचं ड्रायव्हिंग लायसन्स काढून त्यांना दिलं, बॅज परत लावला आणि हात पुढे केला. "आयडी?"

काकूंनी ते हातावर आपटलं.

"फोटो जुना दिसतोय."

"नवराही जुनाच आहे. आटपा!"

बक्षीस होतं इडलीचं पीठ वाटायचा भलामोठा, दगडी वेट ग्राइंडर. कार्यकर्त्यानं बक्षिसाला हात लावायचा नाही, म्हणून तो छातीशी धरून काकू पुढे आणि रिकाम्या हातांनी काका मागे, अशी वरात पार्किंगपर्यंत गेली. गाडीपाशी काकांनी बॅज काढून खिशात घातला आणि कळवळून म्हणाले,

"अगं, एवढं जड एकटीनं उचललंस?"