दोनदा दाबायचा ब्रेक

फॉर्मवरच्या चौथ्या ‘का’पाशी माझे पेन थांबले होते. टेबलापलीकडे आमचे सेफ्टी ऑफिसर जाधव बसले होते. घड्याळाकडे पाहण्याचे ते अदबीने टाळत होते.

“सर, तुम्हाला मी काय सांगणार? हा फॉर्म भरायला आम्ही तुमच्याकडूनच शिकलो,” ते म्हणाले.

ते खरे होते. चाकणच्या आमच्या कारखान्यात क्वालिटी विभागाचा प्रमुख या नात्याने मी हा फॉर्म कित्येकांना शिकवला आहे. त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. काही बिघडले की ‘का’ असे विचारायचे. आलेल्या उत्तराला पुन्हा ‘का’ विचारायचे. असे पाच वेळा केले की दोषाचे मूळ हाती लागते, असा आमच्या क्षेत्राचा विश्वास आहे. या खेपेस मात्र बिघडलेली वस्तू कारखान्यातली नव्हती. ती माझी स्वतःची गाडी होती. आणि जखमी झालेला हात सुनंदाताईंचा होता.

सुनंदा गायकवाड आमच्याकडे फायनल इन्स्पेक्शनला होत्या. आमची कंपनी वाहनांच्या ब्रेकमध्ये बसणारी रबरी सील बनवते. पेडल दाबले की सिलिंडरमधल्या तेलावर दाब येतो आणि त्या दाबाने चाक थांबते. तो दाब धरून ठेवण्याचे काम अंगठीएवढ्या रबरी कड्याचे असते. त्याच्या पातळ कडेला आम्ही लिप म्हणतो. लिपवर केसाएवढी चीर असली तरी दाब निसटतो. ती चीर कॅमेऱ्याला कधी दिसते, कधी दिसत नाही. सुनंदाताईंच्या उजव्या अंगठ्याला ती हमखास कळायची. सील बोटांत धरून त्या लिपवरून अंगठा एकदा फिरवत. मग हिरवा ट्रे किंवा लाल ट्रे. त्यांच्या हातून गेलेला नग ग्राहकाकडून परत आल्याचे मला आठवत नाही. त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला होते. आपण केलेले काम दुसऱ्याला पुन्हा बघायला लागू नये, एवढेच त्यांनी मुलीला शिकवले होते, असे त्या एकदा म्हणाल्या होत्या.

माझी गाडी एकोणीस वर्षांची होती. लहान, पांढरी, तिसऱ्या मालकाकडून स्वस्तात घेतलेली. पंधरा वर्षांनंतर करावे लागणारे री-पासिंग रीतसर झाले होते. नवी गाडी घेणे मला अशक्य नव्हते. पण जुनी गाडी चालती ठेवण्याचा मला अभिमान होता आणि त्या अभिमानाला मी साधेपणा म्हणत असे. पार्किंगमध्ये हप्त्यांवर घेतलेल्या मोठ्या गाड्यांच्या ओळीत मी ती मुद्दाम मधोमध लावत असे. हे मला आज दिसते.

सकाळी पिंपळे गुरवहून निघायचे. काळेवाडीहून बसने आलेल्या सुनंदाताईंना नाशिक फाट्यावर घ्यायचे. त्यांना मागे बसून मळमळत असे, म्हणून पुढची सीट त्यांची. मोशीला टूलरूमचे बोऱ्हाडे मागे बसत. ते तिथल्याच जुन्या घरातले. त्यांना गप्प बसवत नसे.

“सर, ही गाडी म्युझियमवाल्यांनी बघितली तर आमालाबी आत ठिवतील.”

“ठेवू देत. निदान पार्किंग मिळेल,” मी म्हणत असे.

असेच एका सकाळी भोसरीचा पूल उतरताना सुनंदाताई म्हणाल्या, “सर, तुम्ही ब्रेक दोनदा दाबता.”

“म्हणजे?”

“आधी एकदाच दाबायचात. दिवाळीपासून दोनदा दाबताय.”

मी हसलो. “जुन्या गाडीला थोडं समजून घ्यावं लागतं, ताई.”

मोशीला बोऱ्हाडे बसल्यावर मीच त्यांना ही गंमत सांगितली. ते म्हणाले, “आमच्या बैलालाबी दोनदा हाक मारायला लागायची, सर. पण त्यो थांबायचा.”

सुनंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी नेमके टिपले होते. पहिल्यांदा दाबले की पेडल मऊ लागे आणि सावकाश खाली जाई. लगेच दुसऱ्यांदा दाबले की ते टणक होई आणि गाडी थांबे. याचा अर्थ सिलिंडरमधले सील झिजले आहे. बाहेर तेलाचा थेंब पडत नाही, डबीतले तेल कमी होत नाही, म्हणून सामान्य चालकाला संशय येत नाही. मला संशय येण्याची गरज नव्हती. मला खात्री होती. या आजाराचे नाव मला ठाऊक नसते तर मी घाबरून त्याच दिवशी गॅरेजला गेलो असतो. ठाऊक होते, म्हणून गेलो नाही. हा बिघाड हळूहळू वाढतो, अजून अवकाश आहे, असे मी ग्राहकाला समजवावे तसे स्वतःला समजावत राहिलो. माझा पाय तर नकळत दोनदा दाबायला शिकलाच होता. यंत्र बिघडले आणि दुरुस्त मी झालो.

दुसऱ्या दिवशी सुनंदाताईंनी गाडीत बसताच पर्समधून लाल टॅग काढला आणि माझ्या आरशाला बांधला.

लाल टॅग हा आमच्या कारखान्यातला सर्वांत साधा आणि सर्वांत मोठा अधिकार. एखादा नग किंवा एखादे मशीन सदोष वाटले तर कोणत्याही कामगाराने त्यावर तो बांधावा. बांधल्यावर तो काढण्याचा अधिकार एकट्या क्वालिटीच्या प्रमुखाला. त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक, वस्तू बाद करणे किंवा दुरुस्तीला पाठवणे. दुसरी, डिव्हिएशन देणे. म्हणजे दोष आहे हे मान्य करून, तरीही चालेल, असे लिहून खाली सही करणे. ‘यूज ॲज इज’ असे तीन शब्द लिहिले की अडलेला माल पुढे जातो.

मी टॅग सोडला. खिशातले पेन काढले. टॅगच्या मागे ‘यूज ॲज इज’ असे लिहून खाली माझी नेहमीची सही केली आणि तो त्यांना दाखवला.

“झालं समाधान?”

त्यांनी तो निरखून वाचला आणि समोरच्या कप्प्यात ठेवला. “तुमची सही आहे म्हटल्यावर झालं, सर,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कुरुळीच्या पुढे, रोजच्याच संथ रांगेत आमच्यासमोरचा टेम्पो थांबला. अचानक नाही. त्याचे मागचे दिवे मला स्वच्छ दिसले होते. मी ब्रेक दाबला. पेडल तळाला गेले. दुसऱ्यांदा दाबायला अंतर उरले नव्हते.

वेग फार नव्हता. बोऱ्हाडे यांचा गुडघा सुजला. मला काहीच झाले नाही. सुनंदाताईंनी तोल सावरायला उजवा हात समोर टेकला होता. एकोणीस उन्हाळ्यांत तडकलेले डॅशबोर्डचे प्लास्टिक फुटले आणि त्याची धार त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी खोल गेली. त्यांनी ओढणीने हात गच्च बांधला आणि मला म्हणाल्या, “सर, आधी गाडी बाजूला घ्या. मागून ट्रक येतायत.”

जखम भरून येईल, पण आतली नस कापली गेली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. अंगठा हलेल. स्पर्श किती परत येईल, ते सांगता येत नाही.

म्हणून तो फॉर्म. कामावर येताना झालेल्या अपघाताचाही आमच्याकडे व्हाय-व्हाय करतात. जखम का झाली? हात डॅशबोर्डवर आदळला. का? गाडी टेम्पोवर धडकली. का? गाडी वेळेत थांबली नाही. आणि चौथा ‘का’.

“बोऱ्हाडे म्हणाले, टेम्पोवाल्यानं गप्पकन ब्रेक मारला,” जाधवांनी मला वाट करून दिली. “गायकवाड मॅडमना हॉस्पिटलमध्ये विचारलं. त्या म्हणाल्या, सरांची चूक नव्हती.”

दोघांनी मला वाचवले होते. मी ते नाकारायला हवे होते. माझ्याच वळणदार अक्षरात मी लिहिले, ‘पुढील वाहनाने अचानक ब्रेक लावला.’ पाचवे उत्तर आपोआप आले, ‘दोन वाहनांतील अंतर अपुरे.’ उपाय: सर्व कर्मचाऱ्यांना सुरक्षित अंतराचे प्रशिक्षण. ते प्रशिक्षण पुढच्या बुधवारी झाले. मी पहिल्या रांगेत बसलो आणि हजेरीपटावर सही केली.

त्या रविवारी मी गॅरेजमध्ये उभा राहून सिलिंडर उघडायला लावला. सील तळहातावर घेतले. लिप एका बाजूने झिजून सपाट झाली होती. सुनंदाताईंनी ते बघताक्षणी लाल ट्रेमध्ये टाकले असते. गाडी मी तिथूनच भंगारात दिली. समोरच्या कप्प्यातला टॅग तेवढा काढून घेतला.

अडीच महिन्यांनी त्या कामावर परतल्या. इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसण्यापूर्वी त्यांची चाचणी घेणे आवश्यक होते. ती घेणारा मीच. चांगल्या सीलमध्ये ठाऊक असलेले सदोष नग मिसळायचे आणि तपासनिसाला ते ओळखता येतात का, ते पाहायचे. पन्नास नग होते. त्यांत आठ सदोष.

त्यांनी पहिले सील उचलले, अंगठा फिरवला आणि थांबल्या. पुन्हा फिरवला. मग सील उजेडाकडे धरले. पूर्वी त्यांनी कधी सील उजेडाकडे धरले नव्हते. काही नग डाव्या हाताने पाहिले. एकदा तर अंगठ्याऐवजी ओठाला लावून पाहिले आणि चटकन खाली घेतले. अर्ध्या तासाने लाल ट्रेमध्ये सहा नग होते. त्यांतले दोन चांगले होते. म्हणजे चार सदोष सील हिरव्या ट्रेमध्ये गेली होती.

खोलीत आम्ही दोघेच होतो. निकालाचा कागद माझ्यासमोर होता.

“ताई, सवय गेलीय थोडी,” मी म्हणालो. “आपण पास लिहू. पंधरा दिवसांत हात बसेल.”

“किती सुटले, सर?”

मी सांगितले.

त्यांनी हिरवा ट्रे माझ्याकडे सरकवला. “नको, सर. हे ब्रेकमध्ये जाणार,” त्या म्हणाल्या. “कोणाच्या तरी गाडीत.”

मग मला आवरले नाही. फॉर्मवर मी खोटे लिहिले, टेम्पो अचानक थांबला नव्हता, हे मी त्यांना सांगितले. क्षमा मागितली. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

“मला माहीत होतं, सर. मी पुढंच बसले होते की.”

“मग जाधवांना तसं का नाही सांगितलं?”

“काय सांगू? टॅग मीच बांधला होता. दोष आहे हे मला कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बसनं येता आलं असतं. रोज बसले.” त्यांनी अंगठ्यावरच्या वणावर दुसऱ्या हाताचे बोट ठेवले. “तुमची सही होती ना.”

निकालाच्या रकान्यात त्यांनीच डाव्या हाताने ‘नापास’ असे लिहिले. खाली सही मला करावी लागली.

त्याच दुपारी मी टॅग घेऊन प्लांट हेड साठे यांच्याकडे गेलो. सर्व सांगितले. फॉर्म पुन्हा उघडून त्यात माझे नाव लिहावे, अशी विनंती केली. त्यांनी टॅग उलटसुलट पाहिला.

“पाटणकर, याची डिव्हिएशन रजिस्टरमध्ये एंट्री आहे?”

“नाही.”

“नंबर?”

“नाही, साहेब. तो माझ्या गाडीवर बांधला होता.”

“मग हे डॉक्युमेंट नाही.” त्यांनी टॅग माझ्याकडे सरकवला. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. “गाडी तुमची, रस्ता सरकारी. फॉर्म क्लोज झालाय, ट्रेनिंग झालंय. आता उघडला तर ऑडिटमध्ये उघडाच दिसेल. आणि त्यानं बाईंचा अंगठा येणार आहे का परत?”

मी जाधवांकडेही गेलो. ते संकोचून म्हणाले, “सर, क्लोज झालेला फॉर्म सिस्टीम उघडू देत नाही. तुम्हीच तसं करून घेतलं होतं.” तेही खरे होते. मागाहून कोणी उत्तरे बदलू नयेत, म्हणून ती सोय मीच मागितली होती.

सुनंदाताई आता पॅकिंगला आहेत. खोक्यांवर लेबल लावण्याचे काम आहे. लेबल सरळ लागले की नाही, ते डोळ्यांना दिसते. त्यांच्या जागी दोन जणी बसतात आणि दर महिन्याला चार-दोन नग परत येतात. मी बसने येतो. नाशिक फाट्यावर कधी कधी आम्ही एकाच बसमध्ये चढतो. जागा असेल तर त्या शेजारी बसतात. बोलतात. पॅकिंगची खुर्ची चांगली आहे, पाठ दुखत नाही, असे सांगतात. दांडी त्या चार बोटांनी धरतात. अंगठा बाहेर राहतो.

तो टॅग माझ्या टेबलाच्या खणात आहे. नव्या इंजिनिअरना डिव्हिएशन शिकवताना मी तो दाखवतो. कोणाच्या गाडीचा, ते सांगतो. मग त्यांना त्यावर काय लिहायचे राहिले आहे, ते शोधायला लावतो. बहुतेकांना लगेच सापडते. डिव्हिएशन देताना दोन गोष्टी लिहाव्याच लागतात: किती नगांसाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत. त्याशिवाय माझी सही ग्राह्य धरू नये, असा कारखान्यातला नियम आहे.

त्या टॅगवर तारीख नाही. सही मात्र अगदी स्पष्ट आहे.